मॅडम, दोनच मिनिटं

रविवारी संध्याकाळी कोल्हापूरहून पुण्याकडे निघालेल्या गाड्यांचं खंबाटकीच्या बोगद्याअलीकडे जे होतं, तेच आमचंही झालं. पुढे कुठेतरी उसाचा ट्रक बंद पडला होता. दादाने इंजिन बंद केलं, काच खाली घेतली. पुढे त्याच्या शेजारी आत्या, मागे मी, माझ्या मांडीवर साताऱ्यात घेतलेले कंदी पेढे आणि खांद्यावर एक गुंडाळलेलं फ्लेक्स. ते कऱ्हाडपासून दर वळणाला माझ्या अंगावर पडत होतं.

दोघं एकाच वैद्यकीय परिषदेहून परतत होते, पण एकाच परिषदेहून परततोय असं त्यांच्या बोलण्यावरून वाटत नव्हतं. आत्या सरकारी मेडिकल कॉलेजात मेडिसिनची प्राध्यापक होती. निवृत्तीनंतर तिला विद्यार्थ्यांच्या संशोधनाच्या पोस्टरची परीक्षक म्हणून बोलावतात. दादा एका औषध कंपनीत आहे आणि अशा परिषदांत कंपनीचा स्टॉल उभा करणं, तिथं माणसं उभी करणं आणि डॉक्टरांना उभं राहायला लावणं ही त्याची जबाबदारी. मी सोबतीला गेलो होतो. गळ्यात ‘व्हिजिटर’ लिहिलेला पट्टा अडकवून दोन दिवस त्या हॉलमध्ये हिंडलो, फुकटची कॉफी प्यायलो आणि वजन, रक्तदाब, हाडांची घनता अशा सगळ्या तपासण्या करून घेतल्या.

भांडणाला सुरुवात कऱ्हाडच्या चहाच्या टपरीवरच झाली होती.

“तुझ्या शेजारच्या त्या पॉपकॉर्नवाल्या स्टॉलने माझ्या पोरांचे श्रोते पळवले,” आत्या म्हणाली होती.

“पॉपकॉर्न आमचं नव्हतं.”

“तुमची कॉफी होती. एकच.”

आत्याचा राग समजायचा तर तो हॉल डोळ्यांपुढे आणायला हवा. दारातून आत शिरलं की दोन्ही बाजूंनी स्टॉल. मधल्या बोळातून चालत गेलं की जेवण. जेवणाच्या पलीकडे, स्वच्छतागृहाच्या वाटेवरच्या लांबट पडवीत पोस्टर. भूक लागलेला प्रत्येक डॉक्टर स्टॉलसमोरून जाणार, यायला आणि जायला, दोनदा. पोस्टरसमोरून तो गेलाच तर हात धुवायला.

“हे काही आपोआप होत नाही,” गाडी थांबल्यावर आत्याने धागा पुन्हा उचलला. “कोणीतरी नकाशा काढतं.”

“काढतंच,” दादा म्हणाला. “आणि मी तो नकाशा पहिल्यांदा बघतो तेव्हा जेवण कुठे आणि चहा कुठे एवढंच बघतो. तीन बाय तीन मीटरचे चौकोन असतात. कोपऱ्यातला स्टॉल महाग, कारण दोन बाजू उघड्या. दाराजवळचा महाग. पण दाराला अगदी लागून घ्यायचा नाही, तिथे माणूस घाईत असतो, पट्टा सरळ करत असतो. चहाच्या टेबलापासून पाच-सहा पावलांवरचा स्टॉल सगळ्यांत चांगला. हातात कप असलेला डॉक्टर कुठे पळत नाही.”

“बघ, ऐकलंस?” आत्या मागे वळून मला म्हणाली.

मला ते ऐकायला आवडत होतं, हे कबूल करायला हवं. दादाने सांगितलं की साध्या स्टॉलमध्ये कंपनीला ॲल्युमिनियमच्या खांबांची तीन बाजूंची चौकट, वर कंपनीच्या नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक प्लग पॉइंट मिळतो. पैसेवाल्या कंपन्या नुसती मोकळी जागा घेतात आणि स्वतःचा सुतार आणून रातोरात बंगला उभा करतात. शनिवारी सकाळी चकचकीत दिसणाऱ्या हॉलमध्ये शुक्रवारी रात्री दोन वाजता भुसा, खिळे आणि शिव्या असतात. खुर्च्या दोन मिळाल्या तरी दादा एक लपवून ठेवतो, कारण स्टॉलवरचा पोरगा बसला की मोबाइल काढतो आणि मोबाइल बघणाऱ्या माणसाजवळ कोणी येत नाही.

“आणि तो शिक्क्यांचा कागद?” आत्या म्हणाली. “चाळीस-पन्नास स्टॉलचे शिक्के गोळा करा आणि सोडतीत टॅब जिंका. हातात कागद धरून सर्जन फिरताना बघितले मी आज. जत्रेतली पोरं बरी.”

“तो आयोजकांचा खेळ. कंपन्या तक्रार करतात ना, आमच्याकडे कोणी फिरकलं नाही म्हणून. मला स्वतःला तो अजिबात आवडत नाही. शिक्का मारून घेणारा नजर वर करत नाही.” थोडं थांबून दादा म्हणाला, “पण आत्या, एक सांग. आज दुपारी मटण कुणाच्या पैशाचं होतं?”

आत्या गप्प.

“डेलिगेट फीमधून हॉलचं भाडं, एसी, दोन दिवसांचं जेवण, वक्त्यांची राहण्याची सोय, बॅग, एवढं सगळं निघत नाही. पीजी विद्यार्थ्यांना तर फीत सवलत असते. उरलेलं आमच्या चौकोनांतून येतं. तुझी पोस्टर लावायच्या पाट्यासुद्धा.”

“म्हणूनच म्हणते ना, चोरी तुमची नाही, आमची आहे,” आत्या म्हणाली. मला वाटलं होतं ती चिडेल, ती शांतपणे बोलली. “२००९ मध्ये मेडिकल कौन्सिलने नियम केला. कंपनीकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घ्यायचा नाही. डॉक्टरांनी नाही आणि डॉक्टरांच्या संघटनांनीही नाही. २०१६ मध्ये त्यातून संघटना तेवढ्या वगळल्या. एकट्याने घेतलं तर लाच, सगळ्यांनी मिळून घेतलं तर प्रायोजकत्व.”

“आता २०२४ ची संहिता आली आहे की. औषध विभागाची. वक्ता असल्याशिवाय डॉक्टरला तिकीट नाही, हॉटेल नाही. परदेशात घेऊन जायच्या परिषदा बंद. ब्रँडची आठवण म्हणून जी वस्तू द्यायची ती हजार रुपयांच्या आत. पूर्वी काय चालायचं ते तुला माहीत आहे. त्यामानाने स्टॉल हीच सगळ्यांत स्वच्छ जागा राहिली. डोक्यावर कंपनीचं नाव लावून, दिवे लावून उभा आहे मी. मी विकतोय हे मीही जाणतो, समोरचाही जाणतो. आडपडदा नाही.”

हा मुद्दा मला पटला, आणि आत्यालाही थोडासा पटला असावा, कारण तिने लगेच वाट बदलली. अमेरिकेत डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाला मान्यता देणारी एसीसीएमई ही संस्था आहे. तिच्या २०२० च्या नियमांत असं आहे की ज्या खोलीत शिकवणं चालतं तिथे त्याआधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास कंपनीने जाहिरात किंवा विक्री करायची नाही. “आपल्याकडे,” आत्या म्हणाली, “व्याख्यानाच्या व्यासपीठावर मागे कंपनीचं नाव, पुढे कंपनीचं नाव, आणि सूत्रसंचालक आभार मानताना कंपनीचं नाव तीनदा. तू बाहेर स्वच्छ उभा आहेस रे, पण तू आत पण आहेस.”

दादा हसला. ट्रक हलला असं वाटून त्याने इंजिन सुरू केलं, गाडी दोन गाड्यांएवढी पुढे गेली आणि पुन्हा थांबली.

“सगळे स्टॉल काही गोळ्यांचे नसतात,” त्याने पुढे चालू केलं. “तालुक्याच्या गावात पंधरा खाटांचं हॉस्पिटल चालवणारा डॉक्टर व्हेंटिलेटर घ्यायचा तर बघणार कुठे? सहा कंपन्यांची सहा यंत्रं एका छपराखाली, बटणं दाबून बघता येतात, सर्व्हिस इंजिनिअर कुठल्या गावात बसतो ते तोंडावर विचारता येतं. किंमत तर तिथेच पडते, कारण समोरच दुसरा उभा असतो. सोनोग्राफीवाल्यांचे हाल बघ. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे यंत्र हलवायचं म्हटलं की आधी परवानग्यांचे कागद. तरी आणतात, कारण डॉक्टर स्क्रीन बघितल्याशिवाय घेत नाही. पुस्तकवाले येतात. तुझे पीजी सगळ्यांत जास्त वेळ तिथेच असतात, घेत काही नाहीत, फोटो काढतात.”

“आम्हीही तेच करायचो. फोटो नव्हते, हाताने उतरवायचो.”

यानंतर दादाने जे केलं ते मला अपेक्षित नव्हतं. इतका वेळ तो स्वतःचा बचाव करत होता. आता त्याने पोस्टरवर हल्ला चढवला.

“आत्या, स्टॉलला तू जत्रा म्हणालीस. तुझी पडवी काय होती? मी आज तीनदा त्या बाजूला गेलो. पोस्टर भिंतभर. पोस्टरसमोर उभी असलेली माणसं म्हणजे पोस्टर लावणारे. एकमेकांचे फोटो काढत होते. ते झाल्यावर सर्टिफिकेटच्या रांगेत. कशाला हवं सर्टिफिकेट? परीक्षेला बसायला.”

हे खरं होतं. एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात एक पोस्टर सादर करावं, एक निबंध वाचावा आणि एक छापायला पाठवावा, तरच त्याला परीक्षेला बसता येईल, असा नियम मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीत आला आणि वर्षानुवर्षं चालला. नियमाचा हेतू चांगलाच होता. पण वॉर्डात छत्तीस तास ड्यूटी करणाऱ्या पोरापुढे असा नियम ठेवला की तो शेवटच्या आठवड्यात एखादी दुर्मीळ केस शोधतो, कॉलेजसमोरच्या फ्लेक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह नेतो आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या दोन बॅनरच्या मध्ये स्वतःचं संशोधन छापून घेतो. चार फूट बाय तीन फूट. त्या फ्लेक्सवाल्यांना आता ‘निष्कर्ष’ कुठे आणि ‘पद्धती’ कुठे हे पाठ असतं, असं आत्यानेच मला कधीतरी सांगितलं होतं.

“आणि तुम्ही परीक्षक किती वेळ देता?” दादा विचारत होता. “तीन मिनिटं सांगायला, दोन मिनिटं प्रश्न. पुढच्या पोस्टरवर. माझा स्टॉलवरचा पोरगा एका डॉक्टरला यापेक्षा जास्त वेळ देतो. आणि त्या डॉक्टरचं नाव, गाव, काय विचारलं, सगळं लिहून ठेवतो. पट्ट्यावरचा बारकोड स्कॅन करतो आणि आठ दिवसांत फोन करतो. तुमच्या पोस्टरवाल्याला आठ दिवसांनी कोण फोन करतं?”

“कोणी नाही,” आत्या म्हणाली.

मग काही वेळ कोणीच बोललं नाही. मी पेढ्याचा पुडा फोडला.

“आकडा सांगते,” आत्या पेढा हातात धरून म्हणाली. “वैद्यकीय संशोधन पडताळून एकत्र मांडणाऱ्या कॉक्रेनवाल्यांनी २०१८ मध्ये सगळं एकत्र करून बघितलं. तीन लाखांहून जास्त ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे निबंधांचे सारांश. परिषदेत मांडलेल्या कामांपैकी पुढे पूर्ण निबंध म्हणून छापून येतात ती ३७ टक्के. बाकीची तिथेच संपतात, फ्लेक्ससकट. हे मला माहीत आहे. तू मला नवीन काही सांगत नाहीयेस.”

“मग भांडतेस कशासाठी?”

“उरलेल्या जागेसाठी. व्याख्यानात काय असतं? एक माणूस वर, चारशे खाली, दिवे बंद, निम्मे झोपलेले, आणि प्रश्नांच्या वेळी पहिल्या रांगेतला ज्येष्ठ उठून स्वतःचंच भाषण करतो. पहिल्या वर्षाची रेसिडेंट त्या माइकपाशी जाईल? पोस्टर आले तेच मुळी याच्यावर तोड म्हणून. अमेरिकेत मिनियापोलिसला १९७४ साली जीवरसायनवाल्यांनी पोस्टरची सत्रं घेतली. निबंध एवढे वाढले होते की सगळ्यांना व्यासपीठ देता येईना. झाली ती अडचणीतून काढलेली वाट, पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. माणूस कामाशेजारी उभा राहतो. ज्याला रस आहे तो थांबतो, नाही तो पुढे जातो. आणि थांबलेला माणूस असं काही विचारतो, जे तो माइकवर कधी विचारणार नाही. ‘हे तुमच्याकडे चाललं, आमच्याकडे का चालत नाही?’ असं.”

“हो, पण थांबतो का?”

“क्वचित. त्या क्वचितसाठीच.” आत्याने बॅरी मार्शलची गोष्ट काढली. जठरव्रण जंतूमुळे होतो म्हणणारा ऑस्ट्रेलियन डॉक्टर. १९८३ मध्ये त्याने आपल्याच देशातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संस्थेकडे ॲबस्ट्रॅक्ट पाठवलं. ६७ आले होते, ५६ घेतले, नाकारलेल्या अकरांत त्याचं. पुढे २००५ मध्ये रॉबिन वॉरेनबरोबर त्याला नोबेल मिळालं.

“म्हणजे निवडणाऱ्यांनी घाण केली,” दादा म्हणाला. “तुझ्यासारख्या परीक्षकांनी. हा माझ्या बाजूचा पुरावा झाला.”

आत्याला याचं उत्तर सुचलं नाही. तिने दुसरं उदाहरण घेतलं, घरचं. हिंमतराव बावसकर. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी एकेकाची नोंद ठेवली, हृदयावर नेमकं काय होतं ते पाहिलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी वापरून बघितली. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. “ती गोळी विंचवासाठी विकायला कोणी स्टॉल लावला नव्हता. स्वस्त, जुनी गोळी. कंपनीला काय पडलंय? असलं काम कुठून तरी सुरू व्हायला लागतं, आणि ते सुरू होताना एवढंसं असतं.”

“ते पोस्टाने गेले, पोस्टरने नाही.” पण दादाच्या आवाजात आधीची धार नव्हती. “मला सांग, चांगलं पोस्टर ओळखायचं कसं? मला तर सगळी सारखीच दिसतात. दहा यार्डांवरून राखाडी. माझ्या स्टँडीवर असा मजकूर छापला तर मला कामावरून काढतील.”

यावर आत्याने जे सांगितलं त्याने दादा खूश झाला. माइक मॉरिसन नावाच्या मानसशास्त्राच्या अमेरिकन विद्यार्थ्याने २०१९ मध्ये यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला. त्याचं म्हणणं एवढंच की पोस्टरच्या मधोमध एकच वाक्य लिहा, साध्या भाषेत, खूप मोठ्या अक्षरात. काय सापडलं ते. बाकी तपशील कडेच्या पट्टीत, पूर्ण निबंध क्यूआर कोडमध्ये. चालता चालता माणसाने वाचलं पाहिजे. जगभरात पोरांनी तशी पोस्टर करायला घेतली.

“माझा माणूस!” दादाने स्टीअरिंगवर थाप मारली. “हे मी वीस वर्षं करतोय.”

“तेच तर भय आहे. एक वाक्य मोठं केलं की ते खरं वाटायला लागतं. वीस-पंचवीस पेशंटांवरचं काम, आणि अक्षरं हमरस्त्यावरच्या फलकाएवढी. मला त्या राखाडी पोस्टरांत निदान एक लाज दिसते. सांगायचं थोडं आहे, हे त्याला माहीत असतं.”

“लाजेने कोणी थांबत नाही, आत्या.”

“आता तर ई-पोस्टर आलेत. सहा स्क्रीन, दीडशे पोस्टर. तुझ्या वेळेला तुझी पाच मिनिटं, मग पुढच्याचं. पडवीतून चालता चालता डोळा अडकायची सोयच गेली. फ्लेक्स छापायला नको, भिंत भाड्याने नको, आयोजक खूश. उरलेली जागा स्टॉलला.”

“ती मागणी आमची नव्हती,” दादा म्हणाला, आणि बहुधा खरं बोलला.

बाहेर लोक गाड्यांतून उतरून उभे होते. एक पोरगा भाजलेल्या शेंगा विकत फिरत होता. फ्लेक्स पुन्हा माझ्या खांद्यावर पडलं तेव्हा मी विचारलं की हे नेमकं कुणाचं आणि पुण्याला का चाललंय.

एका रेसिडेंटचं होतं. मण्यार चावलेल्या पेशंटांवरचं. मण्यारीचा दंश अनेकदा दिसत नाही, दुखत नाही. माणूस जमिनीवर झोपलेला असतो, पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, आणि गॅस झाला म्हणून त्याला परत पाठवलं की काही तासांत पापण्या मिटायला लागतात, श्वास अडखळतो. असे किती जण आधी पोटदुखी घेऊन आले हे त्या मुलीने जुने केसपेपर काढून मोजलं होतं. परीक्षक पुढे गेल्यावरही ती आत्याच्या मागे मागे आली होती, ‘मॅडम, दोनच मिनिटं’ म्हणत. संध्याकाळी पाट्या उतरवायला लागले तेव्हा सगळी फ्लेक्सं ढिगात पडली. मुलगी एसटी गाठायला निघून गेली होती, रात्री तिची ड्यूटी होती. आत्याने ढिगातून हे एक उचललं.

“पहिलं बक्षीस दिलंस?” दादाने विचारलं.

“दुसरं.”

“दाखव.”

आम्ही तिघंही उतरलो. बॉनेटवर ते मावेना, म्हणून एक टोक मी धरलं, एक आत्याने, आणि दादाने मोबाइलचा टॉर्च लावला. मागच्या गाडीतला एक माणूस जवळ येऊन बघू लागला. साप म्हटल्यावर कोण थांबत नाही? दादा वरून खाली वाचत गेला, ओठ हलवत, जसा तो महिन्याचा विक्रीचा तक्ता वाचतो तसा. मग त्याने खालच्या तक्त्यावर बोट ठेवलं, एकेक रकाना मोजला, पुन्हा वर गेला.

“आत्या, वर सव्वीस पेशंट लिहिलेत.”

“हो.”

“खाली बेरीज पंचवीस होते.”

आत्याने चष्मा वर ढकलला. टॉर्च जवळ घ्यायला सांगितला. तिने मोजलं, मग बोटाने पुन्हा मोजलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. सकाळी तिने याच तक्त्यासमोर उभं राहून गुण दिले होते.

“टायपिंगची चूक असेल,” मी म्हणालो.

“असेल,” दादा म्हणाला. “नाहीतर एक पेशंट कुठेतरी गेला. पळून गेला, मेला, की मुंबईला हलवला? की तो आधी पोटदुखी घेऊन आलेलाच नव्हता म्हणून धरला नाही?”

पुढच्या गाड्यांचे लाल दिवे हलायला लागले. मागून हॉर्न वाजला. बघायला आलेला माणूस धावत आपल्या गाडीकडे गेला. मी माझं टोक गुंडाळायला घेतलं.

“थांब, थांब,” आत्या म्हणाली. ती वाकून फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी शोधत होती. “तिचा नंबर घेऊ दे आधी.”